पुष्पाबाईंच्या कपाळावरचा ठिपका

सुलतानपूरच्या शेतातलं चित्र पूर्ण झालं, तेव्हा ते सुचिताला मनापासून आवडलं होतं. जवळून पाहिलं तर नुसते रंगांचे फटकारे. जरा मागं सरकलं की कापूस वेचणाऱ्या बाया आणि त्यांच्या पाठीवर उतरलेलं सकाळचं कोवळं ऊन. नाकडोळे तिनं कुणाचेच रेखले नव्हते. पण रोज उठून उंबरठ्याला, तुळशीला कुंकू वाहणारा तिचा हात. सवयीनं त्यानं प्रत्येकीच्या कपाळी लाल ठिपका टेकवला होता.

आज बाया चित्र बघायला तिच्या ओसरीवर जमल्या आणि चित्रात स्वतःला शोधू लागल्या.

"हे पाह्य, पुष्पाबाई! वाकली कशी, जशी कापसात सुईच शोधून राह्यली!" एकजण म्हणाली. सगळ्या खळखळून हसल्या, आणि मग सगळ्यांची नजर तिच्या कपाळावरच्या लाल ठिपक्यावर गेली.

पुष्पाबाईंचे यजमान गेल्या साली वारले होते. दहाव्याला सुचिता स्वतः गेली होती.

"मावशी, चुकलं माझं. आत्ता पुसते," म्हणत तिनं टर्पेंटाइनचा बोळा उचलला.

पुष्पाबाईंनी तिचं मनगट धरलं. "पुसू नको व माय. त्या दिवशी पुसलं, तवा मले कोनी इचारलं नाई."

त्या दिवशी कुंकू पुसायला पाण्याचा तांब्या सुचितानंच धरला होता. तिला मान वर करवेना.