भरीव ठिपका

आमच्या पक्षीगणनेच्या नकाशावर चंडोल नुसता दिसला तर पोकळ ठिपका काढतात आणि घरट्यातून पिल्लं उडाली तर भरीव. यंदा माळरानाच्या अख्ख्या पट्ट्यात घरटं सापडलं ते एकच. त्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

मंगळवारी आमच्या फोटोग्राफरने फोटो नीट यावा म्हणून घरट्यावरचं गवत कात्रीने कापलं. बुधवारी जप आटोपून मी गेले, तर तिन्ही पिल्लं उन्हाने वाळली होती. डोळ्यांत मुंग्या शिरल्या होत्या.

ऑफिसात साहेबांनी फोटो पाहून ठिपका आधीच भरून टाकला होता.

"साहेब, पिल्लं मेली," मी म्हणाले.

"ताई, एरवी तुमचं बोलणं ऐकूच येत नाही. आजही तसंच बोला. अहवालाचं मुखपृष्ठ हाच फोटो घेऊन छपाईला गेलंय."

फोटोग्राफर चहा पीत हसला. "ताईंना उपासाचं पित्त झालंय."

त्याच्या नखांत अजून हिरवं गवत होतं.

साहेबांनी नकाशा सहीसाठी पुढे सरकवला. खोटं बोलणार नाही, असं रोज देवापुढे म्हणूनच मी घराबाहेर पडते. मी ब्लेड घेऊन ठिपक्यातली शाई कागद पातळ होईपर्यंत खरवडली. शेऱ्यात लिहिलं, 'तिन्ही पिल्लं मेली. फोटोसाठी गवत कापलं होतं.' त्याखाली सही केली.

"आणि मुखपृष्ठाचं काय करायचं?" साहेबांनी विचारलं.

"पिल्लं तीच आहेत. छापा," मी हळूच म्हणाले. "फक्त खाली मेल्याची तारीख घाला."