बापाची वीत

तिने शिवलेले शर्ट गिऱ्हाइकांना सैल व्हायला लागले तेव्हा तिने आधी कापडाला शिव्या घातल्या, मग त्यांनाच. "तुम्हीच वाळलात," असं ठणकावून सांगायची की बिचारे निमूट घरी जायचे. अहो, पण अख्खी गल्ली एकदम कशी वाळेल? शिवणकाम तिला बापाने शिकवलेलं. टेप नुसता गळ्यात शोभेला, माप सगळं हाताच्या वितीने. बाप गेल्यावर दुकान तिनेच चालवलं, आणि वीत कधी चुकत नाही हा तिचा तोरा. वीतच वाढत चालली होती, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मग कात्रीच्या कड्यात अंगठा शिरेना. तिने खुंटीवरची बापाची थोरली कात्री काढली. अंगठा त्यात असा बसला की तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. जबडा पुढे येत होता, आवाज बापासारखा घोगरा होत होता. पडद्याआडून "कोण आहे?" म्हणाली, तर एक जुनं गिऱ्हाईक पांढरंफटक पडलं.

आईनेही आधी किंकाळी फोडली. पुढे मात्र भलतंच झालं. एका दुपारी तिने लेकीचं ताट बापाच्या खुर्चीपुढे मांडलं. "घ्या ना अजून," म्हणाली. लेकीने भीतभीतच ताट पुढे केलं. पण खोटं कशाला बोला, तिला बरंही वाटलं. जन्मात कधी आईने तिला जेवताना आग्रह केला नव्हता. जे काही गोड होतं ते नवऱ्यासाठी, लेकीच्या वाट्याला नुसती कटकट.

एवढ्यात बाजूचं दिसेनासं झालं. दाराच्या चौकटी खांद्याला लागायला लागल्या, तेव्हा ती दवाखान्यात गेली. तिथे साखरेचं पाणी पाजून पुन्हा पुन्हा रक्त काढलं, डोक्याचा स्कॅनही केला.

"मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते," डॉक्टरीण म्हणाली. "मेंदूने सोड म्हटलं की ती वाढीचं संप्रेरक सोडते, पुरे म्हटलं की आवरतं घेते. संप्रेरक यकृतात पोचलं की तिथे आणखी एक द्रव्य तयार होतं, त्याने हाडं वाढतात. साखर पोटात गेली की एरवी हे संप्रेरक खाली येतं. तुमचं जागचं हललं नाही. ग्रंथीत गाठ आहे, ती कुणाचं ऐकत नाही. या वयात उंची वाढत नाही, म्हणून हात, पाय, जबडा रुंदावतात. गाठ आता डोळ्यांच्या नसेवर चढलीय. नाकावाटे काढता येईल. उशीर केलात तर नजर जाईल."

लेकीने दाखवलेला बापाचा फोटो पाहून डॉक्टरीण थबकली. "यांनाही हेच असावं."

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "एवढी कसली घाई? बरं चाललंय की आपलं." आणि लेक थांबली! डोळे चाललेत, आणि ही बापाच्या खुर्चीत बसून आईचे लाड करून घेतेय. वेडेपणाच तो. पण चाळिशीत पहिल्यांदा मिळालेली माया सोडवते का कुणाला? आरशात बाप दिसायचा, तिला भीती वाटायची, आणि तरी जेवणाची वेळ झाली की ती लगबगीने हात धुवायची.

शेवटी एकदा शिलाईयंत्राची सुई तिच्या बोटातून आरपार गेली. बोट सुईखाली गेलेलं तिला दिसलंच नव्हतं. मग तिने आईला धरूनच डॉक्टरिणीकडे नेलं. आईने हो म्हटल्याशिवाय तिच्याने पाऊल उचलवत नव्हतं.

डॉक्टरिणीने सगळं पुन्हा सांगितलं. आई ऐकत होती, की नुसती लेकीच्या हनुवटीकडे बघत होती, देव जाणे. मग तिने हळूच विचारलं, "गाठ काढली की चेहरा पहिल्यासारखा होईल?"

"थोडी सूज उतरेल. हाडं मात्र वाढली तेवढी राहतील."

"म्हणजे जबडा असाच?"

"असाच."

आईचा जीव भांड्यात पडला. "मग करून टाका की. उद्याच करा."

होकार मिळाला. डोळे वाचतील का, हे शेवटी लेकीनेच विचारलं.