पोटाच्या खोक्यातली कार्डं

बाबा वैद्यकीय शब्दकोश करतात. दुखण्याला माणूस काय म्हणतो आणि पुस्तक काय म्हणतं (सापडलं तर), दोन्ही एका कार्डावर. खाली बोलणारा कोण आणि तारीख. तारखेशिवाय कार्ड खोक्यात जात नाही. खोकी दोन: कान आणि पोट.

कान

*ठणका.* "कानात ठणका मारतोय, डोकं टेकवत नाही." स्वतः. ६ जून.

*दडा.* "दडा बसलाय, सगळं विहिरीतून ऐकू येतं." स्वतः. ७ जून.

पुढचं कार्ड नाही. सात तारखेलाच आईने त्यांना दंडाला धरून कानाच्या डॉक्टरकडे नेलं. चार दिवसांत कान मोकळा. "कान वाहायच्या आतच बरा झाला, नोंद अर्धी राहिली," असं बाबा पुढे आठवडाभर कुरकुरत होते.

पोट

(बोलणारी सगळीकडे एकच: पत्नी.)

*तडस.* "दोन घास खाल्ले की तडस लागते." १२ ऑगस्ट.

*करपट ढेकर.* "सकाळचं जेवण रात्री आठवण करून देतं." ३० सप्टेंबर.

*अडणे.* "घास छातीशी अडून बसतो." १९ नोव्हेंबर. पुस्तकी शब्द: निगरणकष्ट. शेरा: मी घडवलेला.

त्या संध्याकाळी मी तिथेच होते.

"अडून बसतो की टोचतो?"

"अहो, दुखतंय मला. परीक्षा कसली घेताय?"

"फरक आहे. सांग ना."

"अडून बसतो. तुमच्यासारखा."

बाबा खो खो हसले. मीही हसले. ते कार्ड माझ्या अक्षरात आहे. बाबांचं अक्षर छापखान्यात लागत नाही.

*वासना उडणे.* "अन्नावरची वासनाच उडालीय." ४ जानेवारी.

*डांबर.* "शौचाला डांबरासारखं होतंय." २७ फेब्रुवारी. शेरा: उत्तम! कुठल्याच कोशात नाही.

कार्डाबाहेरचं

मार्चमध्ये आई न्हाणीघरात कोसळली. हॉस्पिटल, नळ्या, तपासण्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन खाटेशी आल्या.

"त्रास कधीपासून होता?"

"झाले असतील पंधरा दिवस," आई पटकन म्हणाली. बाबांकडे न बघता.

चुकीची तारीख बाबांना सोसवत नाही.

"पंधरा दिवस? छे! बारा ऑगस्ट." त्यांनी पिशवीतून खोकं काढून पुढे केलं. आणलंच होतं बरोबर.

बाईंनी उभ्याउभ्या एकेक कार्ड वाचलं. नोव्हेंबरपाशी थांबल्या, मग फेब्रुवारीपाशी.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"सगळं तोंडून ऐकलेलं. तक्रारीतला एक शब्द माझा नाही."

"इतका नीट इतिहास मला आजवर कुणी आणून दिला नाही," त्या म्हणाल्या. आवाजात कौतुक नव्हतं. बाबांना मात्र ते ऐकू आलं असावं. ते किंचित ताठ बसले. "गाठ अन्ननलिकेत आहे आणि यकृतापर्यंत गेलीय. नोव्हेंबरात आला असतात तर ऑपरेशन करता आलं असतं. आता नाही. तेव्हा का नाही आलात?"

बाबा गोंधळले. खरोखरच आठवून बघितल्यासारखे म्हणाले,

"नोव्हेंबरात खोकं अर्धंच भरलं होतं."

आईने भिंतीकडे कूस वळवली.

"आता भरलं का?" तिने तिकडूनच विचारलं.

बाबांचा हात सवयीने खिशात गेला. कार्ड बाहेर आलं. कोरं, पण तारीख सकाळीच घालून ठेवलेली.