कात्रीला पुरून उरणारी जात

चार वर्षांत सूनबाईनं ब्लॅकबेरीच्या दोन जाती लावल्या आणि दोघींनी मिळून तिला एकसुद्धा फळ दिलं नाही.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. केसाएवढा ओरखडाही तिच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून तर परसातलं हे अपयश तिच्या जिव्हारी लागलं होतं. परस म्हणजे तरी काय, स्वयंपाकघरामागं भिंतीलगतची आठ फूट माती. एका टोकाला कपड्यांची दोरी, दुसऱ्या टोकाला सासऱ्यांची खुर्ची. मध्ये जेमतेम एक झुडूप मावणार, म्हणून जात निवडायला तिनं पहिल्या वेळी महिना घालवला होता. शेवटी आणली ती सगळ्यात गोड म्हणून नावाजलेली, पण काटेरी. तिच्या काट्यांनी दोन चादरी आणि नवऱ्याचा एक शर्ट फाडला. दोन वर्षांनी ती उपटून सूनबाईनं बिनकाट्याची, ताठ उभी वाढणारी जात लावली. हिनं कुणाचं काही फाडलं नाही, पण दिलंही नाही. दर उन्हाळ्यात नुसतं पानांचं रान माजायचं.

"नाचता येईना अंगण वाकडं," नवरा म्हणाला. "जातीला किती दिवस बोल लावणार?"

त्याच शनिवारी ती तणतणत रोपवाटिकेत गेली. मालकीण कुंड्यांत माती भरत बसली होती. सूनबाईनं उभ्या उभ्याच सगळा पाढा वाचला. मालकिणीनं तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "हिवाळ्यात छाटणी कोण करतं?"

"सासरे."

"किती छाटतात?"

"जमिनीलगत. सगळी."

मालकिणीनं हातातली कुंडी खाली ठेवली. "अहो, या जातींच्या फांद्या पहिल्या वर्षी नुसत्या वाढतात. फळ धरतं ते दुसऱ्या वर्षी, त्याच फांद्यांवर. तुमचे सासरे दर हिवाळ्यात पुढच्या उन्हाळ्याचं फळ कापून टाकतायत."

सूनबाई घरी परतली ती स्वतःवरच चिडून. सासऱ्यांनी चाळीस वर्षं सलून चालवलं होतं. काही वाढलेलं दिसलं की त्यांचे हात शिवशिवत. दर हिवाळ्यात ते कुडकुडत परसात उभे राहत, तास दोन तास खपत आणि आत येऊन विचारत, "बघितलंस का, कसं लख्ख केलं?" आणि दर हिवाळ्यात तिनं त्यांना गरम चहा करून दिला होता.

त्या संध्याकाळी तिनं त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावत ऐकलं.

"म्हणजे जुन्या फांद्या ठेवायच्या."

"नाही बाबा. या वर्षी वाढल्यात त्या ठेवायच्या. ज्यांना फळ येऊन गेलं, त्या कापायच्या."

"पण फळ तर कशालाच आलं नाही."

घोळ नको म्हणून तिनं ठेवायच्या फांद्यांना एकेक लाल रिबीन बांधली आणि निर्धास्त झाली.

हिवाळ्यात एके दिवशी ती कामावरून आली, तर भिंत उघडीबोडकी. जमिनीतून चार बोटं उंचीचे खुंट तेवढे वर आलेले. खुर्चीवर लाल रिबिनींच्या नीट गुंडाळ्या मांडून ठेवलेल्या.

"खुणा केल्यास ते बरं झालं," सासरे म्हणाले. "काय कापायचं ते लगेच कळलं. रिबिनी मात्र जपून ठेवल्यात हं."

ती न्हाणीघरात गेली, दार लावलं आणि नळ सोडला.

"तू बोल त्यांच्याशी," तिनं नंतर नवऱ्याला सांगितलं.

"काय बोलू? चाळीस वर्षं गिऱ्हाइकं त्यांना जरा कमी कापा म्हणत होती. कुणाचं ऐकलं?"

"मग कात्री लपवून ठेव."

"सात आहेत त्यांच्याकडं."

तिनं हात टेकले. थंडी ओसरल्यावर ती पुन्हा रोपवाटिकेत गेली. या खेपेला तिनं गोडी विचारली नाही, काटे विचारले नाहीत.

"दरवर्षी मुळापासून कापली तरी फळ देईल, अशी एखादी जात आहे का?"

"आहे की. त्याच वर्षीच्या नव्या फांद्यांवर धरते. पण आधीच सांगते, फळ बारीक, गोडीला बेताचं. शिवाय उन्हाळा सरता सरता येतं. आणि काटे आहेत."

शेजारीच त्या पहिल्या गोड जातीची रोपं रांगेनं लावलेली होती. सूनबाई त्यांच्याकडं बघत राहिली. इतक्या वर्षांत तिची चवसुद्धा तिला कळली नव्हती.

"हीच द्या," ती नव्या रोपाकडं बोट दाखवत म्हणाली. "आमच्या घरात दुसरं काही टिकायचं नाही."

तिनं बिनकाट्याचे खुंट उपटले आणि त्या जागी हे रोप लावलं. पहिला उन्हाळा त्याचा मुळं धरण्यात गेला. हिवाळ्यात सासरे कात्री घेऊन बाहेर पडले, तेव्हा ती स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. खिडकीतून कचकच ऐकू येत होती. तिनं एक पातेलं तीनदा पुसलं, पण जागची हलली नाही.

पुढचा उन्हाळा संपत आला आणि झुडपावर फळं पिकून काळी होऊ लागली. मोजून वाटीभर निघाली. तोडताना तिच्या मनगटावर दोन ओरखडे उठले. पहिलं फळ तिनं सासऱ्यांच्या हातावर ठेवलं.

त्यांनी ते चावलं आणि डोळे मिटले. "बघ. शेवटी छाटणीचा गुण आलाच की नाही?"

सूनबाईनं वाटी त्यांच्यापुढं धरली.

सासऱ्यांनी दुसरं फळ तोंडात टाकलं आणि तोंड वाकडं केलं. "जरा आंबटच आहे गं. जात निवडताना थोडा विचार करावा माणसानं."

"हो बाबा," ती म्हणाली.

तिनं वाटी उचलली, आत गेली आणि उरलेल्या फळांवर चमचाभर साखर घातली. चाखून बघितलं. मग आणखी एक चमचा घातला.