प्रत्येक बारीकसारीक बाब

सूड ही मानवजातीची सनातन प्रेरणा आहे. तिच्यापायी महायुद्धे झाली, राजघराणी लयाला गेली. कडावच्या दूध शीतकरण केंद्रात ती दर दहा सेकंदांनी एक मेसेज पाठवत होती.

टाकी चार अंश. मोटर चालू. टाकी चार अंश. टाकी चार अंश.

संचालकांची बैठक चालली होती. व्यवस्थापक नवनाथचा मोबाईल थरथरत, सरकत बिस्किटांच्या बशीला जाऊन टेकला होता.

"कोण मेलंय का काय रं?" अध्यक्ष ठकूबाईंनी विचारलं.

"नाय मावशी. ही दीप्ती मुद्दाम करते."

दीप्ती दारातच उभी होती. नऊ वर्षं केंद्राचा संगणक तीच सांभाळायची. टाकीवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम तिनेच पायथॉनमध्ये लिहिला होता. त्यात प्रत्येक मेसेजला पायरी असे: अगदी किरकोळ तो डीबग, मग इन्फो, वॉर्निंग, एरर आणि सर्वांत वर क्रिटिकल. फाइलीत सगळेच उतरत. साहेबांच्या मोबाईलवर वॉर्निंगपासून वरचे जात.

गेल्या महिन्यात नवनाथ म्हणाला होता, "दुपारची झोप मोडते गं. मला फक्त क्रिटिकल पाठव." तिने तसं केलं. पुढच्याच रविवारी तिची सुट्टी होती, नवनाथची पाळी होती आणि टाकी तापली. क्रिटिकल मेसेज पोचेपर्यंत नऊशे लिटर दूध नासलं होतं.

सोमवारी दीप्तीला नोटीस मिळाली. निष्काळजीपणाबद्दल कामावरून का काढू नये? खाली नवनाथने स्वतःच्या अक्षरात वाढवलं होतं: 'यापुढे प्रत्येक बारीकसारीक बाब वरिष्ठांना तत्काळ कळवावी.'

तिने ते वाक्य दोनदा वाचलं आणि प्रोग्रॅममध्ये क्रिटिकलच्या जागी डीबग लिहिलं. नऊ वर्षांत कुणाचा हुकूम तिने इतक्या मनापासून पाळला नव्हता.

"साहेबांचा लेखी आदेश हाय," ती आता म्हणाली. तिने नोटीस टेबलावर ठेवली आणि तिच्यावर फाइलीचा, डीबग वगळून छापलेला कागद.

ठकूबाईंनी चष्मा पदराला पुसला. "रविवार. एक दहा, वॉर्निंग, सात अंश. दोन पाच, एरर, अकरा अंश. हे तुला कसं नाय पोचलं रं नवनाथ?"

"मशीनचं काय सांगावं, मावशी."

"त्याच्या आदीची ओळ वाचा," दीप्ती म्हणाली.

ठकूबाईंनी बोट वर सरकवलं. "'इन्फो. मोबाईलवर यापुढे फक्त क्रिटिकल. नवनाथ साहेबांच्या झोपेसाठी.'"

एका संचालकाने बिस्कीट चहात बुडवलं आणि तिथेच विसरला.

"नोटीस मागं घे," ठकूबाई म्हणाल्या. "दुधाचा जाब तू देशील."

नवनाथने नोटिशीवर 'रद्द' लिहिलं.

"वेळ पण टाका, साहेब."

त्याने अकरा चाळीस लिहिलं. तेवढ्यात मोबाईल थरथरायचा थांबला. दीप्ती माफीची वाट पाहत होती. त्या माफीला द्यायचं उत्तर तिने तीन दिवस घासून धारदार करून ठेवलं होतं.

नवनाथने मोबाईल उचलून झटकला. मग नऊ वर्षांत पहिल्यांदाच तिला ताई म्हणाला.

"ताई, तुज्याकडं चार्जर हाय का गं?"