शॉकअप अन् दह्याचा गंज

माह्या पोरानं, किशोरनं, बापासाठी चाकावरचं घर बनवलं अन् साऱ्या गावाले हसायले कारण भेटलं. टीनाची खोली, तिले दोन चाकं, आत गादीचा पलंग, एक खिडकी, छताले पंखा, अन् मांगची फळी उघडली का गॅसची शेगडी. हे समदं जीपच्या मांगं जोडायचं अन् निंगायचं. फॉरेनातले लोक अशी गाडी घेऊन जंगलात मुक्कामाले जातात म्हणे, किशोरनं मोबाईलवर पाह्यलं. आमच्या देवळीकडे कोणी हौसेनं जंगलात झोपाले जात नाई बाप्पा. पारावरचे लोक मले म्हणत, "मनकर्णाबाई, बंगला तं झाला, आता भाड्यानं देता का?" मी म्हणो, "देतो ना, तुमच्या तेरवीच्या पाहुण्यायले देतो."

हसणाऱ्यायले काय मालूम? मागच्या साली आमचे बुढे, बापूराव, शेवग्याच्या झाडावरून पडले अन् पाठीचा मणका गेला. ऑपरेशन झालं, पाय वाचले. काठी घेऊन घरातल्या घरात फिरतात, पण घडीभर बसले का कण्हायले लागतात. डॉक्टरनं सांगतलं, प्रवास करायचा तं आडवं पडून, अन् गचका लागू द्यायचा नाई. घ्या! आमच्या रस्त्यानं अन् गचका नाई! त्या डॉक्टरलेच एकदा आमच्या पांदणीनं फिरवाले पायजे. तवापासून बुढे वऱ्हांड्यातल्या खाटेवर. स्वतःच्या हातानं लावलेलं वांग्याचं वावर बी त्यायनं मंग पाह्यलं नाई.

बुढ्याची एकच बहीण, विमलाबाई, तिकडं तळेगावले दिली हाय. दर हिवाळ्यात तिच्या वावरातल्या महादेवापाशी आमच्या घरचा सैपाक राहते. गोवऱ्याच्या आरात भाजलेले कणकेचे जाड रोडगे, वरण, अन् आमच्या वावरातल्या वांग्याची भाजी. आमच्या घरची रीत अशी, का मोठ्या भावानं पह्यला रोडगा फोडायचा, तुपात भिजवून बहिणीच्या हातात द्यायचा, तवाच पंगत बसते. मागच्या साली बुढे दवाखान्यात होते, तं विमलाबाईनं सैपाकच केला नाई. मी म्हटलं, "किशोर फोडन ना रोडगा." तं म्हणे, "किशोर काय माहा भाऊ हाय?" यंदा तिचा फोन आला. "वहिनी, माह्यं बी वय झालं. दादाच्या हातचा रोडगा एकडाव तरी भेटन का नाई?" फोनचा आवाज मोठा होता. बुढ्यानं ऐकलं अन् भिंतीकडे तोंड केलं.

म्हून किशोरनं गाडी बनवली.

बनवली भूपेंद्र मिस्त्रीच्या दुकानात. भूपेंद्र हा आमच्याकडचा ट्रॉल्या बनवणारा. कापसाच्या गाठोड्यायनं ट्रॉली शिगोशीग भरा, त्याची ट्रॉली बसत नाई. त्यानं चाकावर लोखंडी कमानीचे पाटे टाकले, एकावर एक, नऊ. अन् वरून माह्यासमोर छाती फुगवून म्हणे, "मावशी, हत्ती बसवा आत, पाटा वाकणार नाई." मी खुश झाली. मजबूत काम म्हटलं का आपल्या लोकायले दुसरं काही दिसतच नाई.

पह्यल्या दिवशी बुढ्याले उचलून गादीवर झोपवलं. मी बाजूले बसली. गावाच्या बाहेर पह्यलं गतिरोधक आलं. किशोरनं गाडी पार गोगलगाय केली, तरी असा दणका बसला का बुढे गादीवरून वर उडाले अन् खाली आदळले. अन् ओरडले. सालभरात एवढं ओरडताना मी त्यायले ऐकलं नव्हतं. "उतरवा मले," म्हणे. "उतरवा. मले तळेगाव बी नको अन् काही नको. इथंच खाटेवर मरू द्या."

घरी आल्यावर ते भिंतीकडे तोंड करून पडले. किशोर जेवला नाई. मले वाटलं, हा माणूस आता खाटेवरून उठाचं नावच घेणार नाई.

चार रोजानं किशोर वर्ध्यावरून दोन शॉकअप घेऊन आला. मोटरसायकलले राहतात ना, तसेच, पण जीपचे, जाडजूड. म्हणे, "आई, पाटे वजन झेलतात, अन् शॉकअप गचका गिळते. हे राह्यलंच होतं आपलं." भूपेंद्रनं ते दोन्हीकडून वेल्डिंग करून बसवले. आता आत कोण झोपन? बुढे तं गाडीकडं पाहाले तयार नाई.

"मी झोपतो," मी म्हटलं.

"तुले काय समजन? तू तं ट्रॅक्टरवर बी झोपतं," किशोर म्हणे.

पोट्टं खोटं बोललं नाई. म्हून मी रातीच दुधाचा गंज, म्हणजे पातेलं, विरजण लावून ठेवला. सकाळी दही असं लागलं होतं का बोट ठेवलं तं ठसा नाई. तो गंज गादीवर ठेवला, बाजूले मी पडली. जाऊन येऊन वर्धा रोडचे समदे गतिरोधक झाले. दात वाजले, कंबर शेकली, अन् गंजाचं झाकण उघडून पाह्यतो तं ताक! लोणी काढाचंच बाकी होतं.

"आग लागो त्या शॉकअपले!" मी खिडकीतून ओरडली. किशोर खाली उतरून चाकापाशी बसला तो बसलाच. डोळ्यात पाणी होतं त्याच्या. मले त्याचा बी राग आला अन् त्याची कीव बी आली.

येताना आमचं वावर लागते. बांधावर कोहळे तोडून ठेवले होते, बाजारात न्यायचे. आता आमी भाजीवाले माणसं. घरी सुतक असलं तरी रिकामी गाडी वावरावरून जाऊ देणार नाई. किशोर तसाच तोंड पाडून उतरला अन् गाडीत कोहळे भरायले लागला. खाली भरले, पलंगावर भरले, शेगडीच्या फळीवर बी भरले. मले बसाले जागा नाई राह्यली, तं मी कोहळ्यायच्या ढिगाऱ्यावर चढून बसली.

गाडी निंगाली. गावाजवळचं ते मेलं गतिरोधक आलं. मी दात आवळून, खिडकी धरून तयार बसली.

काहीच नाई.

गाडी हळूच वर गेली, हळूच खाली आली, अन् थांबली डोलायची. जशी पाळण्याले कोणी हात लावला. मले वाटलं गतिरोधकच उखडलं असन. मांगं पाह्यलं तं होतं तिथंच.

"किशोर! थांबव! थांबव गाडी!"

तो घाबरून धावत आला. "काय झालं? पडली का?"

"अरे भैताडा, गचका कुठं गेला?"

तो पाहातच राह्यला. मंग गाडीखाली घुसला. शॉकअपची चमकती दांडी राहते, तिच्यावर सकाळपासूनची धूळ जशीच्या तशी बसलेली त्यानं मघा चाकापाशी बसला तवा पाह्यली होती. आता ती धूळ पुसल्या गेली होती. म्हणजे शॉकअप आता कुठं हललं होतं. सकाळी बिचारं चाललंच नव्हतं, कारण पाटेच वाकले नव्हते.

मी कोहळ्यावर बसल्या बसल्या म्हटलं, "हे पाटे कापसाचे हायेत रे बाबा. भरल्या गाडीचे. तुह्या बापाचं वजन आता राह्यलं किती? हे कोहळे त्याच्याहून भारी हायेत."

तो गाडीखालीच हसाले लागला. हसता हसता रडला बी, मले समजलं.

भूपेंद्रकडे मोठा तमाशा झाला. पाटे काढायचे म्हटल्यावर तो लालबुंद. "मावशी, लोक माह्याकडे पाटे वाढवाले येतात. काढाले आजपर्यंत कोणी आलं नाई. गाडी कमजोर होईन, लोक मले नावं ठेवतीन."

"ठेवू दे नावं. तुह्या गाडीत मले कापूस न्यायचा नाई, माहा बुढा न्यायचा हाय. काढ."

कुरकुर करत त्यानं पाच काढले. गाडी थोडी खाली बसली. किशोरनं मागून दाबून पाह्यलं तं ती दबली अन् सावकाश वर आली. टायरातली हवा बी त्यानं थोडी सोडली. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा गंज घेऊन पडली. वर्धा रोड, तेच गतिरोधक, तेच खड्डे. मधात एकडाव मले डुलकी लागली, शपथ सांगतो.

घरी आल्यावर मी सरळ वऱ्हांड्यात गेली. बुढे भिंतीकडे तोंड करून. मी झाकण काढलं अन् गंज त्यायच्या नाकापुढं उलटा धरला.

"अवं, काय करतं? गोधडीवर पडन!" ते दचकून वळले.

दही पडलं नाई. गंजाले चिकटून होतं, गच्च.

"हे वर्ध्यावरून फिरून आलं हाय," मी म्हटलं. "आता तुमी दह्याहून नाजूक असान तं सांगा."

त्यायनं गंजाकडे पाह्यलं, माह्याकडे पाह्यलं. मंग म्हणे, "वांगे तोडून ठेवले का तळेगावसाठी?"

मी स्वयंपाकघरात गेली अन् पदरानं तोंड दाबून रडली.

जायच्या दिवशी पहाटेच निंगालो. मी त्यायच्या बाजूले, माहा हात त्यायच्या पाठीखाली. पह्यलं गतिरोधक येताना त्यायनं माह्या मनगटाले असं धरलं का बांगडी रुतली.

"आलं का?" म्हणे.

"गेलं," मी म्हटलं.

"गेलं?"

"हाव. मांगं राह्यलं."

त्यायनं मनगट सोडलं. आर्वीपर्यंत खिडकीतून पाहात होते, कोणाचा हरबरा कसा हाय, कोणाची तूर वाळली, कोणाले अक्कल नाई. समद्यायले नावं ठेवणं चालू होतं. अन् मंग एकदम गप्प झाले. वाकून पाह्यलं. तोंड उघडं, डोळे बंद, अन् बारीक बारीक घोरणं. ऑपरेशनपासून हा माणूस सलग झोपला नव्हता. मी महादेवाले हात जोडले अन् पाठीखालचा हात तसाच राहू दिला, मुंग्या आल्या तरी.

तळेगावच्या वावरात पोचलो तं रोडगे निंगाले होते, आदल्या रोजी बसनं धाडलेल्या आमच्या वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. विमलाबाई लुगडं सावरत धावत आली अन् गाडीत चढली. भावाले पाह्यलं. हात पुढं केला उठवाले. मी तो हात धरला.

"झोपू द्या, बाई. सालभराची झोप हाय."

ती हळूच पलंगाच्या काठावर बसली. तिचे डोळे वाहून राह्यले होते. बाहेर पंगत भुकी. कोणीतरी खिडकीपाशी येऊन म्हणे, "काकू, तुमच्या भावाले उठवा ना, पोट्टे रडून राह्यले." विमलाबाईनं मुंडकं बाहेर काढलं. "खबरदार आवाज केला तं! पोट्ट्यायले गूळ द्या." अन् पुन्हा येऊन भावापाशी बसली. सारी पंगत उन्हात बसून राह्यली, एक बी माणूस मोठ्यानं बोलला नाई.

मंग बुढ्यानं डोळे उघडले. छताकडे पाह्यलं अन् ओरडले, "किशोर! गाडी काऊन थांबवली बे? हाण ना! तिकडं माही बहीण वाट पाहून राह्यली असन!"

"दादा," विमलाबाई म्हणे, "पोचला तू."

त्यायनं मान वळवली. तिले पाह्यलं. हात तिच्या डोक्यावर ठेवला.

रोडगा गाडीतच आणला. त्यायनं पडल्या पडल्याच फोडला, तूप मनगटापर्यंत ओघळलं. विमलाबाईनं दोन्ही हातायनं घेतला. बाहेर पंगत बसली. मी गाडीच्या पायरीवर येऊन बसली, हात झटकला, अन् मले लय दिवसानं सपाटून भूक लागली.