शीव नसलेल्या गावचा गाडा

मित्रांनो, मी गाडा आहे, जुना आहे आणि भरलेला आहे. यांतले तिसरे विधान तुम्हाला पटणार नाही. महानगरपालिकेच्या ज्या आवारात मी आज पडून आहे, तेथील रखवालदारही मला रिकामाच समजतो आणि माझ्या फळ्यांवर आपला डबा उघडून जेवतो. त्याचा दोष नाही. माझ्यावरचे ओझे डोळ्यांना दिसणारे नाही. पण ते आहे, आणि ते कोणीही उतरवून घेतलेले नाही. हे मी सिद्ध करू शकतो. त्यासाठी मात्र मला प्रारंभापासून सांगावे लागेल.

माझा जन्म पिंपरखेड्यात झाला. नाशिक शहर आणि नाशिक रोड यांच्या मधल्या पट्ट्यात तेव्हा वेगवेगळी गावे होती. प्रत्येकाचा देव वेगळा, पाणवठा वेगळा आणि शीव वेगळी. गेणू सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवले. उंचीने मी गुडघ्याएवढा. माझी चाके जेवणाच्या ताटाएवढी. गेणू रंधा मारीत असताना एका वाटसरूने त्याला विचारले, "एवढ्याशा गाड्यात धान्य ते किती मावंल?"

गेणूने हातातले काम न थांबवता उत्तर दिले, "धान्य नाय मावत यात. गावाचं दुखणं मावतं."

ते उत्तर अक्षरशः खरे होते. आषाढात गावोगाव ताप, हगवण, गोवर अशी दुखणी फिरत. त्या महिन्यातल्या एका मंगळवारी मरीआईच्या देवळापुढे मला सजवीत. कडुलिंबाच्या डहाळ्या, हिरव्या बांगड्या, खण, दहीभाताचे पान असे सारे माझ्यावर येई. ज्या घरी कोणी आजारी असे, त्या घरची बाई आजाऱ्याच्या अंगावरून ओवाळलेले लिंबू एका चिंधीत बांधून माझ्यावर ठेवी. मग मला ओढत शिवेपर्यंत नेत. शिवेवर वडाळवाडीचे लोक उभे असत. ते माझी दोरी आपल्या हातात घेत, आपल्या गावची लिंबे माझ्यावर ठेवीत आणि मला पुढे निंबगव्हाणच्या शिवेवर पोचवीत. निंबगव्हाणचे लोक सारे काही दारणा नदीच्या पाण्यात सोडून देत, मला वाळूने घासून धूत आणि पोळ्याच्या आधी कोणाच्या तरी बैलगाडीत घालून रिकामा परत पाठवीत.

या कामाचे नियम दोनच होते, आणि ते सर्वांना ठाऊक होते. भरलेला गाडा मागे वळवायचा नाही. आणि दोरी हातातून हातात दिल्याशिवाय, शिवेवर पाय धुतल्याशिवाय, ओढणाऱ्याने घरी जायचे नाही.

आमची शीव म्हणजे एक ओहोळ होता. अलीकडे पिंपरखेडे, पलीकडे वडाळवाडी. आमच्या बाजूने दोरी धरण्याचा मान मालनबाईंकडे होता. त्यांच्या सासूकडून तो त्यांना मिळाला होता. पलीकडे उभे राहत मोतीराम, वडाळवाडीचे पेरूबागवाले. नव्वद-एक्क्याण्णव साली ओहोळाच्या दोन काठांवरून झालेले त्यांचे बोलणे मला अजून आठवते.

"काय मालनबाई, यंदा लय जड दिसतंय! सगळं गाव आजारी पाडलं की काय?"

"जड नाय हो मोतीभाऊ. तुमच्या अंगातलं बळ कमी झालं."

"मागल्या साली आमच्याकडं सगळे शिंकत होते. तुमचाच माल तो."

"मग यंदा घेऊ नका. राहू द्या इथंच."

"न घेऊन करतो काय? द्या इकडं दोरी."

आणि मोतीराम धोतर खोचून ओहोळात उतरत. दोरी त्यांच्या हाती गेली की मालनबाई तिथेच पाय धूत आणि मागे न पाहता घरी जात.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो रास्त आहे. लाकडाच्या गाड्यावर बसून ताप गावाबाहेर जातो काय? नाही, जात नाही. मी स्वतः गाडा असून हे सांगतो. मालनबाईंनाही ते कळत होते; घरात कोणाचे अंग तापले की त्या आधी दवाखाना गाठीत. मग मी काय वाहत होतो? एका गावाने आपले दुखणे दुसऱ्याच्या दारी न्यावे, दुसऱ्याने थट्टा करावी, कुरकुर करावी, पण हात मागे घेऊ नये. मी वाहत होतो ते हे. शीव म्हणजे भिंत, असे आज सर्वांना वाटते. वस्तुतः शीव म्हणजे पलीकडून कोणीतरी येऊन उभे राहण्याची जागा.

ती जागा कशी गेली, ते आता ऐका.

आमची गावे महानगरपालिकेत आधीच आली होती. परंतु कागदावर आलेले शहर प्रत्यक्षात यायला वेळ लागतो. नव्वदच्या दशकात ते आले. वडाळवाडीच्या पेरूबागांत चुन्याच्या रेघा पडल्या, मग खुंट्या, मग इमारती. मोतीरामांनीही बाग विकली. सर्वांनी विकली, तेव्हा मधोमध एकट्याची बाग ठेवून ते काय करणार होते? जेथे त्यांची विहीर होती तेथे 'सुवर्णसंगम पार्क' उभे राहिले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका सदनिकेत ते मुलाकडे, सोमनाथकडे राहू लागले. ओहोळ सिमेंटच्या नळात गेला. नळावर रस्ता आला, रस्त्यावर दुभाजक आला. वडाळवाडी हे नाव काही वर्षे बसच्या वाहकांच्या तोंडी राहिले. पुढे तेही थांब्याला 'सुवर्णसंगम' म्हणू लागले.

आणि माझे गाव निर्दोष राहिले, असे समजू नका. पिंपरखेड्यानेही मळे विकले. गावाच्या तोंडाशी कोणा नेत्याच्या वडिलांच्या नावाची सिमेंटची कमान उभी राहिली. तरुणांना माझी दोरी धरायची लाज वाटू लागली. आषाढातला मंगळवार आधी उरकला जाऊ लागला, मग विसरला गेला. देवळामागच्या पत्र्याखाली मी वर्षानुवर्षे पडून राहिलो. गणेशोत्सवात एकदा माझ्यावर जनरेटर ठेवला. त्याच्या धक्क्यांनी माझे एक चाक तिरपे झाले. ते कोणी सरळ केले नाही. करणारा गेणू तोवर वारला होता.

मग दोन हजार सहा सालचा पावसाळा आला आणि त्याबरोबर सांधे धरणारा तो ताप. चालती माणसे भिंतीला धरून चालू लागली. मालनबाईंची नात निकिता तापली. तिला दवाखान्यात ठेवले. औषधपाणी चालू होते, डॉक्टर धीर देत होते. तरी मंगळवारी सकाळी मालनबाई देवळामागे आल्या, त्यांनी पत्रा बाजूला सारला आणि पदराने माझ्यावरची धूळ पुसली. सोबत होती त्यांची सून आशा आणि शेजारची अक्काबाई. वाद्य नव्हते, गर्दी नव्हती. तरी घराघरांतून चिंध्या आल्या. ज्यांना माझी लाज वाटत होती, त्यांच्याही घरून आल्या. मागच्या दाराने आल्या.

तिरप्या चाकावर कुरकुरत मी कमानीबाहेर पडलो. रस्ता ओलांडला. मालनबाई थबकल्या. ओहोळ नेमका कोठे होता ते त्यांना उमगेना. शेवटी त्या 'सुवर्णसंगम'च्या लोखंडी फाटकापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी हाक मारली, "मोतीभाऊ! गाडा आलाय!"

आधी आला रखवालदार. मग आल्या सोसायटीच्या अध्यक्षा ज्योत्स्नाबाई; एका शाळेत शिकवणाऱ्या, बोलण्यात नेमस्त. मी त्यांना वाईट म्हणणार नाही. लिंबू, चिंध्या, शेंदूर पाहून कोणीही शहरी माणूस घाबरला असता.

"आजी, हे असलं इथे ठेवू नका हं. आमच्या सोसायटीत लहान मुलं आहेत."

"आमच्याकडं बी हायेत, बाई," मालनबाई म्हणाल्या. "म्हणून तर आणलं."

एवढ्यात मोतीराम जिना उतरून आले. पायजमा, हातात काठी, गुडघे त्याच तापाने धरलेले. त्यांनी मला पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "आरं देवा! अजून जिता हाय का हा?" ते फाटकाबाहेर आले. त्यांनी दोरीकडे हात नेला. माझ्या आयुष्यातली सगळी वर्षे त्या एका हाताकडे पाहत होती. आणि तो हात मध्येच थांबला.

"घेईन हो मालनबाई. पण घेऊन ओढू कुठं? पुढं निंबगव्हाण नाय राहिलं. पलीकडं दुसरी सोसायटी, तिच्या पलीकडं तिसरी. दारणेपावतो फाटकंच फाटकं. शीवच नाय कुठं."

"तुम्ही घ्या तरी. पुढचं पुढं."

"बाबा, वर चला," मागून सोमनाथ आला होता. "लोक गॅलरीतून बघताहेत." त्याने वडिलांचा दंड धरला. तो दंड हळुवारपणे धरलेला होता, हेही मला नमूद केले पाहिजे. मोतीराम दोनदा मागे वळून पाहत आत गेले. फाटक लागले.

मालनबाईंनी माझे तोंड फिरवले. भरलेला असताना मी प्रथमच मागे वळलो.

पण त्या मला गावात नेईनात. दोरी कोणी घेतली नव्हती. पाय धुतले नव्हते. घरी जायचे कसे? गावाच्या कमानीबाहेर बसचा थांबा होता. त्याच्या पत्र्याखाली त्यांनी मला टेकवले आणि माझ्याशेजारी बसल्या. आशा डबा घेऊन येई आणि रडकुंडीला येई.

"आत्याबाई, घरी चला. निकिता विचारती, आजी कुठंय म्हणून."

"सांग तिला, आजी कामाला गेलीय."

"कुठल्या कामाला?"

"शीव सांभाळायला."

मोतीरामही काठी टेकीत रस्ता ओलांडून येत. सोबत कपात चहा असे. तो येईपर्यंत निम्मा सांडलेला. एके संध्याकाळी ते म्हणाले, "मालनबाई, मी घेतलं असं समजा आणि जा घरी."

"समजून होत नाय, मोतीभाऊ. दोरी धरायला लागती."

"धरली तर सोमनाथ बोलंल. त्याच्या घरात राहतो मी."

"मग चहा आणू नका. चहानं काय हलकं होतं व्हय?"

तरी त्या चहा प्यायल्या.

निकिता बरी होऊन घरी आली. सलाइनने, औषधाने आणि तिच्या कोवळ्या वयाने ती बरी झाली. याविषयी माझ्या मनात शंका नाही. आता मालनबाई उठतील, असे सर्वांना वाटले. झाले उलट. त्या आशाला म्हणाल्या, "आता तर बिलकुल उठत नाय. मी इथं अडवून धरलंय म्हणून पोरगी उठून बसली. मी हलले की हे परत आत शिरंल." किती सरळ, आणि किती चुकीचा निष्कर्ष! मला तेव्हा वाचा असती तर मी त्यांच्याशी वाद घातला असता. मी त्यांना सांगितले असते की माझ्यात काही नाही. लिंबे वाळली आहेत, चिंध्या भिजून कुजल्या आहेत. पण मग मी स्वतःलाच खोटे पाडले असते. कारण मला जाणवत होते की मी जड आहे.

गावाला शीव उरली नव्हती, म्हणून ती बाई स्वतः शीव होऊन बसली. पाऊस पत्र्याखाली तिरपा येई. थांब्यामागच्या डबक्यात डास होते. तोच ताप त्यांना आला. आशाने आणि अक्काबाईने रिक्षा बोलावून त्यांना उचलून नेले, तेव्हा दोरी त्यांच्या मनगटाला गुंडाळलेली होती. ती सोडवावी लागली. दवाखान्यातून त्या परत आल्या नाहीत.

त्यानंतर मोतीराम आले. या खेपेस हातात कप नव्हता. ते रस्त्यावर काठी आपटत फिरू लागले. गाड्या भोंगे वाजवीत होत्या. रस्त्यातल्या नळाच्या एका लोखंडी झाकणापाशी ते थांबले, वाकले आणि त्यांनी कान दिला. खालून पाणी वाहत होते. आमचा ओहोळ तोच. मग ते माझ्याकडे आले, मला मागून रेटत त्या झाकणापर्यंत घेऊन गेले आणि दोरी जमिनीवर तशीच राहू देऊन पलीकडच्या बाजूला जाऊन उभे राहिले; पूर्वी राहत तसे. त्यांनी हात पुढे केला.

"द्या इकडं, मालनबाई."

हात तसाच राहिला. दोरी हातातून हातात जावी लागते. उचललेली दोरी म्हणजे घेतलेली दोरी नव्हे, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक होते? त्यांनी दोरी उचलली नाही. सोमनाथ येऊन त्यांना घेऊन गेला. वाहतुकीला अडथळा म्हणून मला त्याच दिवशी महानगरपालिकेच्या मोटारीत टाकण्यात आले.

तेव्हापासून मी येथे आहे. डहाळ्या, चिंध्या, लिंबे, सारे वाऱ्यापावसाने गेले. उरले ते केवळ न दिलेले, न घेतलेले ओझे. मला रंगवा, जतन करा, वस्तुसंग्रहालयात ठेवा, असे मी म्हणणार नाही. माझी काळजी घेण्याची वेळ टळून गेली आहे.

मित्रांनो, तुम्ही फाटकाच्या आत वाढणारी मुले आहात. एखाद्या दिवशी कोणी आपले दुखणे ओढत तुमच्या फाटकाशी येईल. ते पुढे कोठे न्यायचे, हे तुम्हाला ठाऊक नसेल; मोतीरामांनाही नव्हते. तो प्रश्न खरा आहे, पण तो नंतरचा आहे. आधी दोरी धरा. देणारा हात समोर असतो, तोवरच ती धरता येते.

रखवालदाराचे जेवण आटोपले. जाताना त्याने मला बाजूला सारण्यासाठी जोर लावला आणि मी हललो नाही. चाक गंजले असेल, असे तो म्हणाला. माझी चाके लाकडाची आहेत.